करवीरचा तिमाही तक्ता

इ. स. १८९४ साली शाहू छत्रपतींनी करवीर (कोल्हापूर) संस्थानाची सूत्रे हाती घेतली, तेव्हा सामान्य कारभारातील ७१ पदांपैकी ६० पदे ब्राह्मणांकडे होती. ज्या रयतेच्या वसुलावर दरबार चाले, तिच्यातील बहुसंख्य माणसे कचेरीची पायरी चढत ती अर्ज घेऊन, अंमलदार म्हणून नव्हे.

२६ जुलै १९०२ रोजी, महाराज विलायतेत असताना, जो हुकूम प्रसिद्ध झाला, त्याने रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या, हे सर्वश्रुत आहे. परंतु जेथे या वर्गांतील अंमलदारांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल तेथे पुढील नेमणूक त्याच वर्गांतून व्हावी आणि प्रत्येक खातेप्रमुखाने केलेल्या नेमणुकांचा तक्ता दर तिमाहीस सादर करावा, हे त्यातील कलम मला अधिक मोलाचे वाटते, कारण सद्भावना दप्तरात सहज हरवते, तक्त्याचा जाब मात्र द्यावा लागतो.

लायक उमेदवार मिळत नाहीत, ही तक्रार तेव्हाही होती. (ती आजही कानी पडते, शब्दांचाही फरक नाही.) महाराजांनी तिच्याशी वाद घातला नाही, कृतीने उत्तर दिले: १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहू लागली, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात महाराज स्वतः सर्वांदेखत चहा घेत.

तेव्हा आपल्या कचेरीत सर्वांना समान संधी आहे असे जे अधिकारी जाहीर सभांतून सांगतात, त्यांच्याकडे वाचकांनी एवढेच मागावे: गेल्या तीन महिन्यांच्या नेमणुकांचा तक्ता.