विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी

इ. स. १८४० च्या सुमारास जॉर्ज गलिव्हर नांवाचा एक इंग्रज शल्यवैद्य निरनिराळ्या प्राण्यांच्या रक्ताचे थेंब सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ठेवून पाहत असे. ज्यांचीं शिंगें दरवर्षीं गळून पुन्हां नवीं येतात, अशा कांहीं जातींच्या हरणांच्या रक्तांत त्याला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. सस्तन प्राण्यांच्या तांबड्या रक्तपेशी सामान्यतः वाटोळ्या असतात. पण या हरणांच्या पेशी कोठें चंद्रकोरीसारख्या, तर कोठें भाल्याच्या पात्यासारख्या टोकदार झालेल्या होत्या. गलिव्हरनें आपलें निरीक्षण त्याच वर्षीं प्रसिद्ध केलें. प्राणिशास्त्रांतील एक कुतूहल, यापलीकडे त्या वेळीं त्याला महत्त्व आलें नाहीं.

त्यानंतर सत्तर वर्षांनीं, म्हणजे १९१० सालीं, अमेरिकेंतील शिकागो शहरीं डॉ. जेम्स हेरिक यांनीं एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. ग्रेनाडा बेटाहून दंतवैद्यक शिकावयास आलेला हा तरुण पंडुरोगानें क्षीण झाला होता. त्याला ताप येई, धाप लागे, आणि पायांवर जुन्या व्रणांच्या खुणा होत्या. त्याचें रक्त तपासतां त्यांत लांबट, विळ्यासारख्या वांकलेल्या पेशी आढळल्या. रोगाचें कारण हेरिक यांना सांगतां आलें नाहीं. दिसलें तें त्यांनीं बारकाईनें नमूद केलें. याच रोगाला पुढें सिकल सेल हें नांव पडलें. सिकल म्हणजे विळा.

वांकडी पेशी हरणाच्या अंगीं निरुपद्रवी आणि माणसाच्या अंगीं प्राणघातक, असें कां व्हावें? या प्रश्नाचा विचार करतां करतां, अंगांत दोष असणें आणि अंगांत रोग असणें यांतील भेद आपल्या ध्यानीं येतो. तो भेद न कळल्यामुळें आपल्या महाराष्ट्रांतहि कित्येक घरांवर अकारण दुःख ओढवतें. म्हणून ही हकीकत थोडी विस्तारानें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम निरोगी रक्तपेशीचा विचार करूं. ही पेशी इतकी लहान असते कीं, एका मिलिमीटर लांबीच्या ओळींत तशा सुमारें १३० पेशी मावतील. तिचा आकार मध्यें दाबलेल्या पेढ्यासारखा असून अंग अतिशय लवचिक असतें. त्यामुळें आपल्याहून अरुंद अशा केशवाहिनींतूनहि ती दबत, वळत पार होते. तिचें आयुष्य सुमारें १२० दिवसांचें. तिच्या पोटांत हिमोग्लोबिन नांवाचें तांबडें प्रथिन खच्चून भरलेलें असतें. फुप्फुसांत प्राणवायु घ्यावयाचा आणि शरीराच्या कानाकोपऱ्यांत नेऊन पोंचवावयाचा, हें या प्रथिनाचें काम.

सिकल सेलच्या रुग्णाचें हिमोग्लोबिनहि प्राणवायु घेतें आणि देतें. घोटाळा होतो तो प्राणवायु देऊन टाकल्यावर. हान आणि गिलेस्पी या दोघां अमेरिकन डॉक्टरांनीं १९२७ सालीं असें दाखविलें कीं, रुग्णाच्या रक्तांतील प्राणवायु काढून घेतला म्हणजे पेशी विळ्यासारख्या वांकतात, आणि तो पुन्हां पुरविला म्हणजे बहुतेक पेशी पूर्ववत् होतात. प्राणवायु गेला कीं हिमोग्लोबिनचे कण एकमेकांना चिकटून त्यांच्या लांब, ताठ काड्या बनतात, आणि या काड्या पेशीला आंतून ताणून धरतात. मऊ पेशी कडक होते. अरुंद वाहिनींत ती अडकते. तिच्यामागें दुसरी अडकते. आणि पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. हाडांत, सांध्यांत, पोटांत, छातींत अशा असह्य कळा येतात कीं, मूल रात्र रात्र तळमळतें. अशा पेशी १० ते २० दिवसांतच फुटतात, म्हणून अंगांत रक्त टिकत नाहीं. पानथरी लहानपणींच निकामी होते, आणि मग साध्या जंतूंचा विकारहि बालकाच्या जिवावर बेततो.

१९४९ सालीं लायनस पॉलिंग आणि त्यांचे सहकारी यांनीं कॅलिफोर्नियांत असें सिद्ध केलें कीं, या रुग्णांचें हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रांत निरोगी हिमोग्लोबिनहून वेगळ्या गतीनें सरकतें. अर्थात् मूळ प्रथिनाची घडणच निराळी आहे. एखाद्या रोगाचें मूळ एका रेणूच्या घडणींत आहे असें दाखवून देण्याचा हा पहिलाच प्रसंग. पुढें केंब्रिज येथें व्हर्नन इंग्रॅम यांनीं १९५६-५७ च्या सुमारास तो फरक नेमका कोठें आहे हेंहि शोधून काढलें. हिमोग्लोबिनच्या रेणूंत चार सांखळ्या असतात. त्यांपैकीं दोन बीटा जातीच्या, आणि प्रत्येक बीटा सांखळींत १४६ दुवे. त्यांतील सहावा दुवा तेवढा बदललेला असतो. तेथें ग्लुटामिक आम्ल असावयाचें, त्याऐवजीं व्हॅलिन येतें. हा व्हॅलिनचा दुवा तेलासारखा पाण्याला टाळणारा. म्हणून तो शेजारच्या रेणूच्या खांचेंत जाऊन बसतो, आणि काड्या बनूं लागतात. मोठी पोथी नकलून घेतांना लेखनिकाच्या हातून एक अक्षर चुकावें आणि त्या अक्षरानें सबंध ओंवीचा अर्थ फिरावा, तसाच हा प्रकार.

आतां हरणाकडे वळूं. त्याच्या पेशी वांकण्याचें कारणहि बीटा सांखळींतच आहे. परंतु २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून दिसतें कीं, तेथें सहावा नव्हे तर बाविसावा दुवा बदललेला असतो. शिवाय प्रयोगनळींत हरणाच्या पेशींचें वर्तन माणसाच्या अगदीं उलट होतें. प्राणवायु विपुल असतांना त्या वांकतात, आणि तो कमी झाला कीं सरळ होतात. माणसाची रोगट पेशी ऐन अरुंद गल्लींत ताठ होते. हरणाची पेशी तेथेंच मऊ होते. असल्या पेशींमुळें हरणांच्या प्रकृतीस अपाय होत असल्याचें आढळलेलें नाहीं. यावरून इतकें निश्चित कीं, पेशी वांकडी होते एवढ्यावरून प्राणी रोगी ठरत नाहीं. ती कोठें, केव्हां आणि किती प्रमाणांत वांकते, यावर सर्व अवलंबून आहे.

हेंच तत्त्व माणसांनाहि लागू पडतें. हिमोग्लोबिनची बीटा सांखळी घडविणाऱ्या जनुकाच्या दोन प्रति प्रत्येकाजवळ असतात. एक पित्याकडून आलेली, दुसरी मातेकडून. दोन्ही प्रति सदोष असतील तर रोग होतो. एकच सदोष असेल तर निरोगी प्रतीवरून पुरेसें चांगलें हिमोग्लोबिन तयार होतें, आणि पेशी एरवीं वांकत नाहींत. अशा व्यक्तीस वाहक म्हणतात. वाहक शाळेंत जातो, शेतांत राबतो, संसार करतो. अति उंच प्रदेशांत किंवा पराकाष्ठेच्या श्रमांत क्वचित् त्रास झाला तर होतो. त्याला रोगी समजणें हें हरणाला रोगी समजण्यासारखें आहे.

मात्र दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गर्भारपणांत मूल रोगी होण्याचा संभव चारांत एक असतो, वाहक होण्याचा चारांत दोन, आणि पूर्ण निर्दोष होण्याचा चारांत एक. येथें हिशेबांत पुष्कळांची गफलत होते. पहिलें मूल आजारी निघालें म्हणून पुढचीं तीन सुखरूप, असें नव्हे; प्रत्येक खेपेस डाव नव्यानें मांडला जातो. या रोगानें पीडित असलेल्या मुलाला एक सदोष प्रत बापाकडून आणि एक आईकडून मिळालेली असते. "सुनेनें घरांत रोग आणला" हें वाक्य म्हणून केवळ निष्ठुर नव्हे, तें असत्य आहे. सून एकटी हा रोग आणूंच शकत नाहीं. ज्या घरांत असें बोललें जातें, त्या घरच्या मुलाच्या रक्तांतहि तीच खूण असते.

इतका अपायकारक दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकून कां राहिला, असा प्रश्न साहजिकच मनांत येईल. ॲन्थनी ॲलिसन यांनीं १९५४ सालीं पूर्व आफ्रिकेंतील निरीक्षणांवरून त्याचें उत्तर दिलें. वाहक मुलांना घातक हिवतापाची बाधा कमी जाणवते. हिवतापाच्या प्रदेशांत निर्दोष रक्ताचीं मुलें तापानें दगावत, दोन्ही प्रति सदोष असलेलीं सिकल सेलनें दगावत, आणि वाहक तेवढे अधिक संख्येनें वांचत. जें जनुक आज आपणांस शाप वाटतें, तें एके काळीं अनेकांना संजीवनी ठरलें होतें.

भारतांत या दोषाची नोंद १९५२ सालीं निलगिरीच्या डोंगरांतील लोकांत झाली. पुढें मध्य भारताच्या मोठ्या पट्ट्यांत तो आढळून आला. महाराष्ट्रांत गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, अमरावती, यवतमाळ आणि सातपुड्याच्या कुशींतील नंदुरबार या जिल्ह्यांत तो विशेष आहे. आदिवासी जमातींत त्याचें प्रमाण अधिक असलें तरी तो त्यांच्यापुरताच मर्यादित नाहीं. आणि नोकरीधंद्यानिमित्त माणसें मुंबई-पुण्यास येतात, तेव्हां त्यांचें रक्त त्यांच्याबरोबरच येतें. १ जुलै २०२३ रोजीं मध्य प्रदेशांतील शहडोल येथें केंद्र सरकारच्या सिकल सेल निर्मूलन मोहिमेस आरंभ झाला. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटि लोकांची तपासणी करण्याचें तिचें उद्दिष्ट आहे. तपासणीस बोटांतून काढलेला रक्ताचा थेंब पुरतो. मात्र एक सावधगिरी हवी. विद्राव्यतेची जी साधी चाचणी प्रथम करतात, ती दोष आहे कीं नाहीं एवढेंच सांगते. मनुष्य वाहक आहे कीं रोगी, हें सांगत नाहीं. त्यासाठीं हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखविणारी दुसरी चाचणी करावीच लागते. पहिल्या चाचणीवरून घाबरून जाणें किंवा ठरलेला विवाह मोडणें, दोन्ही अविचाराचें होय.

उपायांच्या शोधांतहि प्राण्यांचें साह्य मोठें आहे. रोगी बालकें जन्मतः ठणठणीत असतात आणि कांहीं महिन्यांनीं आजारी पडूं लागतात. जॅनेट वॉटसन या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनीं १९४८ सालीं याचें मर्म ओळखलें. गर्भावस्थेंत मुलाच्या रक्तांत वेगळ्या प्रकारचें हिमोग्लोबिन असतें, आणि तें असेपर्यंत पेशी वांकत नाहींत. मग हें गर्भकालीन हिमोग्लोबिन मोठेपणीं पुन्हां वाढवितां येईल काय? १९८४ सालीं हायड्रॉक्सियुरिया हें औषध माकडांना देऊन पाहिलें, तेव्हां तें वाढलें. १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत या औषधानें प्रौढ रुग्णांच्या वेदनांचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले. ही साधी गोळी आज सिकल सेलच्या उपचारांतील मुख्य औषध आहे. लहान मुलांना नियमानें पेनिसिलिन दिल्यास जंतुविकारांचे मृत्यु पुष्कळ टळतात, हें १९८६ पासून ठाऊक आहे.

उंदरांच्या अंगीं माणसासारखें गर्भकालीन हिमोग्लोबिन नसतें. म्हणून १९९७ सालीं अमेरिकेंतील दोन प्रयोगशाळांनीं उंदरांचीं मूळ जनुकें काढून त्यांजागीं माणसाचीं जनुकें घातलीं, आणि सिकल सेल झालेले उंदीर निर्माण केले. गर्भकालीन हिमोग्लोबिन बंद पाडण्यांत बीसीएल-११-ए या जनुकाचा हात आहे, हें २००८ सालीं कळलें. २०११ सालीं अशा उंदरांत तें जनुक निष्क्रिय करतांच रोगाचीं लक्षणें ओसरलीं. त्याच मार्गानें रुग्णाच्या मगजांतील मूळ पेशी बाहेर काढून, त्यांत या जनुकाची कळ फिरवून, त्या पुन्हां अंगांत सोडण्याच्या उपचारास २०२३ च्या नोव्हेंबरांत ब्रिटननें आणि डिसेंबरांत अमेरिकेनें मान्यता दिली. विज्ञानाचा हा मोठा विजय आहे, यांत शंका नाहीं. परंतु अमेरिकेंत या एका उपचाराची किंमत २२ लक्ष डॉलर ठेवण्यांत आली. गडचिरोलीच्या पाड्यावरील आईबापांनीं ती आणावी कोठून?

तोंवर जें करतां येण्यासारखें आहे, तें फार खर्चाचें नाहीं. जन्मतःच तपासणी, वेळेवर लस आणि पेनिसिलिन, नियमित गोळ्या, भरपूर पाणी, अति थंडी व अति श्रम यांपासून जपणूक, आणि ताप आला कीं विनाविलंब दवाखाना, एवढ्यानें अनेक मुलांचें आयुष्य वाढतें. सुशिक्षित घरांचें कर्तव्य आणखी थोडें पुढचें आहे. विवाह जमवितांना टिपण जुळवून पाहण्यास आपण वेळ काढतों. दोघांचें रक्त तपासून घेण्यास त्याहून कमी वेळ लागतो. दोघेंहि वाहक निघाल्यास त्यांनीं तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि पुढें काय करावयाचें तें त्या दोघांनींच ठरवावें. एकच वाहक असेल तर रोगी मुलाची भीति बाळगण्याचें सहसा कारण नाहीं. फक्त जोडीदाराच्या रक्तांत थॅलेसेमियासारखा दुसरा दोष नाहीं ना, एवढें त्याच तपासणींत पाहून घ्यावें. तपासणीचा कागद हातीं आल्यावर त्यावर काय लिहिलें आहे तें घरांतील सर्वांनीं नीट समजून घ्यावें, म्हणजे एखाद्या निरोगी मुलीस किंवा मुलास उगीच रोगी ठरविण्याचा प्रसंग येणार नाहीं.