शीतनिद्रेतून न उठणारे यंत्र

वार्षिकांकासाठी आलेली हस्तलिखिते संगणकावर उतरवून घेण्याचे काम गेल्या हिवाळ्यात आम्हांकडे होते. बोरगावी वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, आणि आमच्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी तर नावापुरतीच उरलेली. म्हणून सायंकाळी काम थांबविताना आम्ही त्यास ‘हायबरनेट’ करून, म्हणजे शीतनिद्रेत पाठवून, घरी जात असू. एके सकाळी यंत्र सुरू केले, तो आदल्या दिवशी उघड्या ठेवलेल्या फायलींपैकी एकही पडद्यावर नाही! जतन न केलेले तीन निबंध व एक कविता गेली. कवितेची मूळ प्रतही सापडेना; तिच्या कर्त्याने कित्येक दिवस आमच्याशी अबोला धरला होता.

या लॅपटॉपवर लिनक्स ही कार्यप्रणाली आहे. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा रचण्यास आरंभ केला. तिचा स्रोत सर्वांस खुला असल्यामुळे दोषाचे मूळ शोधणे आम्हांस शक्य झाले.

चालू काम संगणकाच्या ‘रॅम’ या स्मृतीत असते, आणि वीज तुटताच ही स्मृती कोरी होते. साध्या झोपेत तिला थोडी वीज मिळत राहते. शीतनिद्रेत मात्र तिच्यातील मजकुराची प्रतिमा डिस्कवरील ‘स्वॅप’ नामक राखीव जागेत लिहून यंत्र पूर्णपणे बंद होते. (आमच्या ओढ्यांतील बेडूक थंडीपेक्षा उन्हाळ्यातच चिखलात दडून निजतात, तेव्हा आपल्याकडे हिला ग्रीष्मनिद्रा म्हणणेच शोभले असते.) पुन्हा कळ दाबली की प्रणाली प्रथम नेहमीप्रमाणेच उठते, ती प्रतिमा शोधते आणि तिच्या हवाली सर्व कारभार करून स्वतः बाजूस होते.

आमचे घोडे येथेच अडले होते. प्रतिमा लिहिली गेली होती; परंतु ती कोठे ठेवली आहे, हे उठणाऱ्या प्रणालीस कोणी सांगितलेच नव्हते. साहजिकच ती कोऱ्या पाटीने सुरू झाली. ठेव पुरली, पण खूण केली नाही, तसाच हा प्रकार! काही आवृत्त्यांत तर स्वॅपची जागा रॅममध्येच दाबून बसविलेली असते. २०२० साली आलेल्या फेडोरा ३३ पासून तशी योजना आहे. जी स्मृती वीज जाताच पुसली जाणार, तिच्याच पोटात प्रतिमा ठेवून काय उपयोग? शिवाय ‘सिक्युअर बूट’ हे संरक्षण चालू असल्यास अनेक आवृत्त्या शीतनिद्रेस मनाईच करतात. कारण डिस्कवरील प्रतिमेत कोणी मध्येच फेरफार केला, तर तो ओळखता येत नाही.

जागेचा पत्ता नोंदविल्यावर फायली परत येऊ लागल्या, तथापि कधी कधी पडदा काळाच राही. पडदा, वायफाय, ध्वनी या प्रत्येक भागाचा ‘ड्रायव्हर’ निराळा असतो, आणि निजण्यापूर्वीची आपली स्थिती प्रत्येकास पुन्हा बिनचूक उभी करावी लागते. एकजण जरी अडखळला तरी सारे यंत्र ताटकळते. कोण अडखळतो, हे पाहण्यासाठी गाभ्यात एक सोय आहे. तिला आम्ही ‘निजेची रंगीत तालीम’ म्हणतो. तिच्यात यंत्र ठरलेल्या पायरीपर्यंतच निजते, पाच सेकंद थांबते व परत उठते. कार्यक्रम गोठविण्याच्या पायरीवर आमचे यंत्र सुखरूप उठले; उपकरणांच्या पायरीवर मात्र निपचित पडले. संशय वायफायवर गेला. त्याचा ड्रायव्हर निजण्यापूर्वी उतरवून ठेवण्याची आज्ञा लिहिली, आणि त्यानंतर हा अंक छापावयास जाईपर्यंत यंत्र एकदाच उठले नाही. त्या दिवशी मात्र सर्व लेख आधीच जतन केलेले होते.