डोंगरी तीर्थक्षेत्रातील माध्यमिक शाळा आणि तिचा समाज : जोतिबा परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :
महाराष्ट्रातील ग्रामीण माध्यमिक शिक्षण मुख्यतः खाजगी अनुदानित शाळांच्या आधारे उभे आहे. या शाळांचे व्यवस्थापन संस्थेकडे, वेतनाचा भार शासनाकडे आणि विद्यार्थी गावाचे, अशी ही त्रिपदरी रचना आहे. प्रस्तुत लेखात कोल्हापूर जिल्ह्यातील जोतिबा डोंगर व पायथ्याची गावे यांचा संदर्भ घेऊन ही रचना कशी घडली, तिच्यावर कोणते समाजघटक अवलंबून आहेत आणि पटसंख्येवर आधारित धोरणामुळे नववी-दहावीच्या टप्प्यावर कोणता धोका निर्माण होतो, याचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : माध्यमिक शिक्षण, अनुदान, संचमान्यता, तीर्थक्षेत्र, परिसर शाळा.

प्रस्तावना :
कोल्हापूर शहराच्या वायव्येस सुमारे १८ ते २० कि. मी. अंतरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३१०० फूट उंचीवर जोतिबाचा डोंगर आहे. पन्हाळा तालुक्यातील या गावाचे महसुली नाव वाडी रत्नागिरी. श्री केदारनाथ म्हणजेच जोतिबा हे महाराष्ट्र व कर्नाटकातील असंख्य घराण्यांचे कुलदैवत असून आजचे मुख्य मंदिर १७३० मध्ये राणोजी शिंदे यांनी बांधले. या क्षेत्राचा धार्मिक, स्थापत्यविषयक व लोकसांस्कृतिक अंगांनी बराच अभ्यास झालेला आहे. मात्र सासनकाठ्या परतल्यानंतर आणि गुलाल धुतला गेल्यानंतर डोंगरावर जो समाज वर्षभर राहतो, त्याच्या मुलांच्या शिक्षणाचा विचार त्या मानाने कमी झाला. ही उणीव लक्षात घेऊन हा लेख लिहिला आहे.

लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे :
१) ग्रामीण माध्यमिक शाळेची ऐतिहासिक जडणघडण कोल्हापूरच्या संदर्भात स्पष्ट करणे.
२) जोतिबा परिसरातील समाजघटकांच्या शैक्षणिक गरजांचे स्वरूप मांडणे.
३) पटसंख्या, शिक्षकसंख्या व अध्यापनाचा दर्जा यांतील परस्परसंबंध उलगडणे.
४) उपाययोजना सुचविणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : मूल शाळेकडे, की शाळा मुलाकडे?
कोल्हापूर संस्थानातील शिक्षणाचा इतिहास एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो. मुलाने शाळेपर्यंत जावे, की शाळेने मुलापर्यंत यावे? या प्रश्नाला तीन काळांत तीन निरनिराळी उत्तरे मिळाली.

पहिले उत्तर वसतिगृहांचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी व माध्यमिक शिक्षण करवीर शहरात एकवटलेले होते. खेड्यातील शेतकऱ्याच्या मुलाला शहरात राहण्याची सोय नसे. राजर्षी शाहू छत्रपतींनी ही अडचण नेमकी ओळखली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाले. पुढे मुस्लिम, लिंगायत आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील विद्यार्थ्यांसाठीही वसतिगृहे निघाली. शाळा शहरातच राहिली, परंतु खेड्यातील मुलाला तिच्याजवळ आणण्यात आले. प्राथमिक शिक्षणाबाबत मात्र शाहू महाराजांनी उलट दिशा स्वीकारली. १९१७ मध्ये त्यांनी सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला आणि मुलांना शाळेत न पाठविणाऱ्या पालकांना दरमहा एक रुपया दंडाची तरतूद केली. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसविण्याचा हुकूम निघाला. शाळा ही सर्वांची असते, हे तत्त्व येथे प्रथम राजाज्ञेच्या रूपाने प्रकटले.

दुसरे उत्तर स्वातंत्र्योत्तर संस्थांनी दिले. दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये राहून राजाराम हायस्कूलमध्ये शिकलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केलेली होती. १९५२ मध्ये गारगोटी येथे मौनी विद्यापीठ आणि १९५४ मध्ये डॉ. बापूजी साळुंखे यांची श्री स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था उदयास आली. यांसारख्या संस्थांनी माध्यमिक शाळा खेड्यांत नेली. अनेक ठिकाणी गावाने जागा दिली, श्रमदान केले, देवळात किंवा चावडीत पहिले वर्ग भरले. पुढे शासनाचे वेतन-अनुदान आल्याने या शाळा स्थिरावल्या आणि १९७७ च्या खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियमाने शिक्षकाच्या नोकरीला कायद्याचे संरक्षण मिळाले. कागदोपत्री 'खाजगी' असलेली ही शाळा व्यवहारात सार्वजनिक शाळा आहे ती या कारणाने. शिक्षकाचा पगार जनतेच्या पैशातून होतो आणि प्रवेश गावातील कोणत्याही मुलाला मिळतो.

तिसरे उत्तर आपल्या काळाचे आहे. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा अधिनियमानंतर शुल्क आकारणाऱ्या, बहुधा इंग्रजी माध्यमाच्या शाळांची वाट मोकळी झाली. आता मूल पुन्हा शाळेकडे जाऊ लागले आहे. फरक एवढाच की पूर्वी त्याला वसतिगृह नेत असे, आज शुल्क भरून स्कूल बस नेते. ज्यांना शुल्क परवडते ती मुले उतरणीला लागतात आणि उरलेल्यांसाठी गावची शाळा राहते. या बदलाचा परिणाम पुढे पाहू.

जोतिबा परिसरातील समाज व त्याचे शैक्षणिक प्रश्न :
या परिसरातील समाज एकजिनसी नाही. स्थूलमानाने चार घटक संभवतात.

पहिला घटक मंदिराशी निगडित आहे. पूजेचे परंपरागत हक्क असलेली गुरव घराणी, तसेच नारळ, गुलाल, दवणा, धूप, प्रसाद यांचे विक्रेते, खानावळ व निवासाची सोय करणारी कुटुंबे यांचा यात समावेश होतो. या घटकाचे उत्पन्न हंगामी असते. रविवार, पौर्णिमा, माघातील खेटे, श्रावण षष्ठी, नवरात्र आणि सर्वांवर कळस म्हणजे चैत्र यात्रा, या दिवसांवर वर्षाचा हिशेब ठरतो. अशा दिवशी घरातील प्रत्येक हात कामाला लागतो आणि त्यात शाळकरी हातही असतात.

दुसरा घटक पायथ्याच्या शेतकरी कुटुंबांचा. वारणा खोऱ्याच्या बाजूस ऊस, तर उतारावरील जिरायती जमिनीत भात, नाचणी, भुईमूग अशी पिके घेतली जातात. तिसरा घटक शेतमजूर व भूमिहीन कुटुंबांचा आणि चौथा डोंगरकपारीच्या वाड्या-वस्त्यांवरील कुटुंबांचा. शेवटच्या दोन घटकांतील विद्यार्थी बहुधा शिक्षण घेणाऱ्या पहिल्या पिढीतील असतात. त्यांना गृहपाठात मदत करणारे घरी कोणी नसते. त्यामुळे त्यांच्यासाठी शाळेतील शिक्षक हाच शिक्षणाचा एकमेव आधार ठरतो.

दिनदर्शिकेचा पेच येथे विशेष लक्षणीय आहे. चैत्र पौर्णिमा मार्चअखेर ते एप्रिलअखेर या काळात येते आणि शाळांच्या वार्षिक परीक्षाही याच सुमारास असतात. २०२५ मध्ये राज्यातील पहिली ते नववीच्या परीक्षांसाठी ८ ते २५ एप्रिल हा कालावधी निश्चित करण्यात आला, तर चैत्र पौर्णिमा १२ एप्रिलला होती. लाखो भाविकांची गर्दी, वळविलेली वाहतूक आणि घरी आलेले यात्रेकरू यांच्या मध्यात नववीच्या विद्यार्थ्याने गणिताचा अभ्यास करावा, अशी अपेक्षा राज्यस्तरीय वेळापत्रक नकळत करत असते. माघातील खेटेही दहावीच्या परीक्षेच्या आगेमागेच येतात. यात्रेच्या दिवशी गैरहजर राहणाऱ्या मुलाला 'अनास्था' हे लेबल लावणे सोपे आहे. वस्तुतः तो त्या दिवशी घराच्या वर्षभराच्या उत्पन्नात आपला वाटा उचलत असतो.

या अवलंबित्वाची दुसरी बाजू २०२० व २०२१ मध्ये दिसली. करोना साथीमुळे ही दोन्ही वर्षे चैत्र यात्रा रद्द झाली आणि त्याच काळात शाळाही बंद होत्या. उत्पन्न व अध्यापन दोन्ही एकदम थांबले. ऑनलाईन वर्गासाठी स्मार्टफोन घेण्याची निकड आणि तो घेण्याची ऐपत नसणे, हे एकाच घरात एकाच वेळी घडले.

अंतराचा प्रश्न आणि मुलींचे शिक्षण :
बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा ६ ते १४ वयोगटासाठी, म्हणजे आठवीपर्यंत आहे. नववीपासून कायदेशीर हक्काची छाया संपते आणि योजनांचा प्रदेश सुरू होतो. राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाने (२००९) वस्तीपासून ५ कि. मी. अंतरात माध्यमिक शाळा असावी, असे उद्दिष्ट ठेवले. २०१८ पासून हे अभियान समग्र शिक्षा योजनेत विलीन झाले.

परंतु डोंगरी भागात किलोमीटर हे अपुरे माप आहे. सपाटीवरील पाच किलोमीटर आणि चढणीचे पाच किलोमीटर यांत श्रम, वेळ व सुरक्षितता या तिन्ही दृष्टींनी अंतर पडते. पावसाळ्यात दाट धुके, निसरडी वाट आणि सायंकाळी लवकर पडणारा अंधार यांचा विचार केल्यास मुलीला पुढे शिकवायचे की नाही, हा निर्णय बहुतांशी एस. टी.च्या वेळापत्रकावर ठरतो. अहिल्याबाई होळकर योजनेमुळे मुलींना एस. टी.चा पास मोफत मिळतो, ही मोलाची सोय आहे. मात्र पास हातात असून शाळा सुटण्याच्या वेळी बस नसेल, तर सवलत कागदावर राहते. जवळची शाळा टिकणे हा म्हणूनच मुलींच्या बाबतीत दहावीपर्यंत पोहोचण्याचा प्रश्न आहे.

पटसंख्या, संचमान्यता आणि घसरणीचे चक्र :
अनुदानित शाळेत किती शिक्षक असावेत, हे संचमान्यतेने ठरते. अलीकडील वर्षांत ३० सप्टेंबरचा पट व आधार-प्रमाणित विद्यार्थी यांच्या आधारे ती होते. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने तिचे निकष सुधारण्यात आले आणि त्यांचा सर्वाधिक भार कमी पटाच्या शाळांवर पडला. त्यापूर्वी सप्टेंबर २०२३ मध्ये कमी पटाच्या प्राथमिक शाळांच्या एकत्रीकरणासाठी 'समूह शाळा' ही कल्पना पुढे आली होती. दोन्हींमागील तर्क आर्थिक कार्यक्षमतेचा आहे आणि तो सर्वस्वी अनाठायी म्हणता येणार नाही. अत्यल्प विद्यार्थी असलेल्या वर्गात स्पर्धा, खेळ, सहशिक्षण यांना मर्यादा येतात, हे मान्य करावे लागेल.

तथापि माध्यमिक स्तरावर शिक्षक हा विषयाचा असतो. समजा, एखाद्या शाळेत नववी-दहावीसाठी तीनच शिक्षक मंजूर झाले. मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान व सामाजिक शास्त्रे हे सहा विषय त्यांनी वाटून घ्यावयाचे. भाषेच्या पदवीधराकडे सामाजिक शास्त्रे देता येतील, परंतु गणित-विज्ञानाचा शिक्षक 'अतिरिक्त' ठरून अन्यत्र समायोजित झाला, तर त्या विषयांचे काय? वर्ग भरतो, हजेरी लागते, तास मात्र रिकामा राहतो. ही गोष्ट पालकांच्या लक्षात यावयास एक वर्ष पुरते. ज्यांची ऐपत आहे ते मुलाला खाली शहराकडे पाठवतात. पट आणखी घटतो आणि पुढील संचमान्यतेत आणखी एक पद जाते. कमी पटामुळे शिक्षक कमी आणि शिक्षक कमी म्हणून पट कमी, असे हे चक्र आहे. यात कोणताही एक घटक दोषी नाही. शासन निकष लावते, संस्था पद गमावते, पालक मुलाचे हित पाहतो. प्रत्येकाचा निर्णय आपापल्या ठिकाणी समंजस असतो आणि एकत्रित परिणाम शाळा क्षीण होण्यात होतो. मे २०१२ मधील शिक्षक भरतीवरील निर्बंध आणि त्यानंतर 'पवित्र' प्रणालीद्वारे टप्प्याटप्प्याने झालेली भरती यांमुळे रिक्त पदांचा प्रश्नही या चक्रात मिसळला.

या चक्रात शेवटी शाळेत उरतात ती मंदिराच्या पायरीवर नारळ विकणाऱ्या आईची, ऊसतोडीला जाणाऱ्या बापाची, डोंगरकपारीच्या वस्तीवरची मुले. ज्यांना उत्तम शिक्षकाची सर्वाधिक गरज, त्यांच्याच वाट्याला विषयशिक्षकाविना वर्ग येतो. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये एकत्र बसविलेली मुले आता ऐपतीच्या आधारे पुन्हा वेगळी बसू लागली आहेत.

उपाययोजना :
१) डोंगरी निकष : संचमान्यतेत किमान गणित-विज्ञान, भाषा व सामाजिक शास्त्रे या तीन गटांचे शिक्षक पटनिरपेक्ष असावेत. सहावी ते आठवीसाठी शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात हे तत्त्व आहेच. ते नववी-दहावीपर्यंत वाढविणे तर्कसंगत ठरेल.
२) शाळासमूह : एकत्रीकरणाऐवजी सहकार्याचा मार्ग उपलब्ध आहे. कोल्हापूर जिल्ह्याचेच सुपुत्र डॉ. जे. पी. नाईक ज्याचे सदस्य-सचिव होते, त्या कोठारी आयोगाने (१९६४–६६) परिसर शाळा व शाळासमूह या संकल्पना मांडल्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही शाळासमूहाचा पुरस्कार आहे. प्रयोगशाळा, ग्रंथालय व विषयशिक्षक शेजारच्या शाळांनी वाटून घ्यावेत. प्रवास शिक्षकाने करावा, चौदा वर्षांच्या मुलीने नव्हे.
३) स्थानिक दिनदर्शिका : सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस व १००० तास ही कायद्याची अट पाळूनही यात्रेच्या दिवसांची सुट्टी अन्यत्र भरून काढता येते. परीक्षांचे दिवस निश्चित करताना जिल्हास्तरावर ही मुभा असावी.
४) शिष्यवृत्तीची तयारी : आठवीत घेतली जाणारी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा उत्तीर्ण होऊन निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. नेमक्या गळतीच्या टप्प्यावरच ही मदत मिळत असल्याने तिच्या तयारीचे वर्ग गावातच व्हावेत.
५) महाविद्यालयांचा सहभाग : शिवाजी विद्यापीठ परिक्षेत्रातील महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे स्वच्छता व यात्रा-सेवेपुरती मर्यादित न ठेवता गणित, विज्ञान व इंग्रजीच्या नियमित अध्यापन-साहाय्याशी जोडावीत. अध्यापक महाविद्यालयांनी सरावपाठांसाठी शहरालगतच्या सोयीच्या शाळांऐवजी डोंगरी शाळा निवडाव्यात.

समारोप :
जोतिबा परिसरातील माध्यमिक शाळेचा विचार करताना असे दिसते की, ही शाळा पुजारी, विक्रेते, शेतकरी, मजूर व वाडी-वस्तीवरील कुटुंबांची मुले एकाच बाकावर बसतील अशी परिसरातील एक मोजकी जागा आहे. देवळाच्या दारी सर्व येतात, पण थोडा वेळ थांबून परततात. शाळेत मात्र ही मुले रोज एकत्र असतात. तिचे मूल्य केवळ ३० सप्टेंबरच्या पटावर मोजणे अपुरे होय. महाविद्यालयीन अध्यापकांनीही या प्रश्नाकडे तटस्थपणे पाहू नये. आपल्या प्रथम वर्षाच्या वर्गात गणिताला घाबरणारा, इंग्रजी वाक्य वाचताना अडखळणारा विद्यार्थी नववीत शिक्षकाविना गेलेले तास सोबत घेऊन आलेला असू शकतो. आपण पदवी स्तरावर जे उपचारात्मक वर्ग घेतो, त्यांची गरज कोठे निर्माण झाली हे शोधावयाचे असेल, तर डोंगर चढून त्या वर्गापर्यंत जाणे क्रमप्राप्त आहे.