सीझन पास काढावा की तिकीट? : 'किती वेळा जाऊ' या आकड्याबद्दल

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये ताईचा अमेरिकेहून फोन आला. आई-बाबा जूनमध्ये दहा आठवड्यांसाठी तिच्याकडे जाणार होते. तिच्या घरापासून गाडीने दीड तासावर एक मोठं थीम पार्क आहे. तिचा प्रश्न साधा होता : "सहा जणांचे सीझन पास काढून ठेवू, की जाऊ तेव्हा तिकीट काढू? तू पीएचडी करतेस ना, जरा हिशोब करून सांग."

मी दहा मिनिटांत एक्सेल उघडून हिशोब केला आणि "पास काढ" म्हणून सांगितलं. त्या हिशोबात बेरीज-गुणाकाराची एकही चूक नव्हती, तरी सल्ला चुकला. कसा चुकला ते आज सांगते, कारण संशोधनाची तयारी करताना तुम्हीही हीच चूक करणार आहात. फक्त तिथे पासाऐवजी सॅम्पल, उपकरण किंवा थिसिसचं वेळापत्रक असेल.

आधी सोपा भाग : वसुलीचं गणित

सोयीसाठी गोल आकडे घेऊ. समजा एका दिवसाचं तिकीट ५० डॉलर, हंगामभराचा पास ११० डॉलर आणि गाडी लावायचे ३० डॉलर. पास असेल तर पार्किंग फुकट. माणसं सहा : ताई, दाजी, दोन मुलं, आई आणि बाबा.

तिकीट काढून एकदा गेलं तर ३०० अधिक ३०, म्हणजे ३३० डॉलर. सहा पासांचे ६६०. म्हणजे दोन खेपांत बरोबरी आणि तिसऱ्या खेपेपासून फायदा. मी ताईला हेच सांगितलं : "तीनदा गेलात की पैसे वसूल."

अर्थशास्त्रात अशा दराला दोन भागांचा दर म्हणतात : आधी एक ठरावीक रक्कम, मग प्रत्येक वापराला वेगळा दर. वॉल्टर ओई यांचा या विषयावरचा १९७१ चा शोधनिबंध प्रसिद्ध आहे आणि त्यात उदाहरण डिस्नेलँडचंच आहे. तेव्हा तिथे प्रवेशाचे पैसे वेगळे आणि राइडची तिकिटं वेगळी असत. ती पद्धत १९८२ मध्ये बंद झाली. सीझन पास हे त्याचं टोकाचं रूप समजा : एकरकमी पैसे भरा, मग फाटकावर दर शून्य. दर शून्य फक्त फाटकावर, हे लक्षात ठेवा. पेट्रोल, आतलं खाणं आणि तुमचा अख्खा दिवस यांचे पैसे प्रत्येक खेपेला वेगळे लागतातच.

या गणितात तिकीट, पास आणि पार्किंगचे दर वेबसाइटवर दिसतात. चौथा आकडा, म्हणजे 'किती वेळा जाऊ', कुठेच लिहिलेला नसतो. त्याला आपण 'न' म्हणू. अख्खा निर्णय या 'न'वर टांगलेला आहे. मी मात्र ताईला विचारलं, "किती वेळा जाल?" ती म्हणाली, "चारदा तरी नक्की." मी ४ टाइप केलं आणि पुढे गेले.

'न' कोणी सांगितला?

'चारदा तरी नक्की' हे मोजमाप नव्हतं. आई-बाबा येणार या आनंदात असलेल्या मुलीने एप्रिलमध्ये ऑगस्टबद्दल केलेलं ते भाकीत होतं.

अशी भाकितं किती चुकतात यावर चांगलं काम झालेलं आहे. स्टेफानो डेलाव्हिग्ना आणि उल्रिके मालमेंडियर यांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या तीन जिमच्या ७,७५२ सदस्यांच्या हजेरीचा अभ्यास प्रसिद्ध केला. महिन्याला ७० डॉलरहून जास्त भरणारे सदस्य सरासरी ४.३ वेळाच जात होते, म्हणजे खेपेला १७ डॉलरहून जास्त पडत होते. त्याच जिममध्ये दहा खेपांचा पास घेतला असता तर खेपेला १० डॉलर पडले असते. या लोकांना भागाकार येत नव्हता असं नाही. त्यांनी 'न' फुगवून धरला होता.

दुसरा अभ्यास आपल्या अगदी जवळचा आहे. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी १९९४ मध्ये पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत संपवाल? सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. सगळंच बिघडलं तर? ४८.६ दिवस. प्रत्यक्षात सरासरी ५५.५ दिवस लागले. म्हणजे सगळ्यात वाईट अंदाजसुद्धा कमी पडला.

यावर उपाय काय? 'मी काय ठरवलंय' हे बाजूला ठेवून 'आजवर काय झालंय' ते बघायचं. डॅनियल काहनेमन यांनी या दोन पद्धतींना आतली नजर आणि बाहेरची नजर म्हटलं. ताईला मी विचारायला हवं होतं : गेल्या उन्हाळ्यात तुम्ही चौघं दीड तासाहून लांब, दिवसभरासाठी किती वेळा गेलात? तिने फोनमधले फोटो चाळले असते तर उत्तर मिळालं असतं. हे मी नंतर विचारलं. उत्तर होतं दोनदा.

आणखी एक गोष्ट. काही कंपन्या पुढच्या हंगामाचे पास आदल्या शरद ऋतूतच स्वस्तात विकतात. दर कमी मिळतो हे खरं, पण भाकीत आणि वापर यांच्यातलं अंतरही तितकंच वाढतं. ती सवलत घेताना 'न' आणखी काटकसरीने धरावा.

पास काढला की 'न' बदलतो

इथे थोडं थांबा, कारण संशोधन पद्धतीच्या दृष्टीने हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे.

ताईच्या मैत्रिणींकडे पास होते आणि त्या उन्हाळ्यात पाच-सहा वेळा जात. यावरून 'पास काढला की माणूस जास्त जातो, म्हणून पास परवडतो' असं म्हणता येईल का? नाही. ज्यांना मुळातच जास्त जायचं असतं तेच पास काढतात. दोन गट आधीपासूनच वेगळे असतील तर नंतरचा फरक पासामुळे पडला असं म्हणता येत नाही. याला निवडीचा दोष म्हणतात.

मग पासामुळे वागणं बदलतं का, हे तपासायचं कसं? हाल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ च्या शोधनिबंधात एक सुंदर प्रयोग मांडला. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाचं हंगामी तिकीट १५ डॉलर होतं. खिडकीवर आलेल्या पहिल्या साठ जणांना यादृच्छिकपणे तीन गटांत वाटलं. काहींना पूर्ण दर लावला, काहींना २ डॉलर सूट, काहींना ७ डॉलर सूट. सगळे तिकीट घ्यायलाच आले होते, त्यामुळे नाटकाची हौस तिन्ही गटांत सारखीच धरता येते. हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण दर भरलेल्यांनी सरासरी ४.११ तिकिटं वापरली, सूट मिळालेल्यांनी ३.३२ आणि ३.२९. नाटकं तीच आणि आसनंही तीच, फरक फक्त आधी भरलेल्या पैशांचा. दुसऱ्या अर्ध्या भागात हा फरक उरला नाही.

आधी भरलेले पैसे परत येणार नसतात, तरी ते आपल्याला ढकलतात. याला बुडीत खर्चाचा परिणाम म्हणतात. आपण मराठीत 'वसूल करणं' म्हणतो ते हेच.

आमच्या घरी काय झालं ते आता सांगते. दोन खेपा छान झाल्या. तिसऱ्या खेपेच्या दिवशी ऑगस्टचं कडक ऊन होतं. बाबांचे गुडघे दुखत होते. आई म्हणाली, "तुम्ही जा मुलांना घेऊन, आम्ही घरी बसतो." त्यावर ताई म्हणाली, "अगं, पास आहेत ना, वाया कशाला घालवायचे!" मग दोघं गेले आणि चार तास एका बाकावर बसून राहिले. संध्याकाळी ताईचा मेसेज आला : "तिसरी खेप झाली, वसूल!" माझ्या एक्सेलनुसार ती बरोबर होती.

'न' माहीत नसताना निर्णय कसा घ्यायचा?

हा प्रश्न संगणकशास्त्रात स्की भाड्याचा प्रश्न म्हणून ओळखला जातो. स्की विकत घ्यायच्या की रोज भाड्याने, आणि बर्फ किती दिवस टिकेल हे माहीत नाही. याचा एक साधा नियम आहे : भाड्याचे पैसे विकतच्या किमतीला भिडेपर्यंत भाड्याने घ्या, मग विकत घ्या. असं केलं तर, पुढचं सगळं आधीच माहीत असतं तर जितका खर्च झाला असता, त्याच्या दुपटीपेक्षा जास्त खर्च कधीच होत नाही.

आपल्या आकड्यांत, पार्किंग सोडून, एका माणसासाठी : पहिल्या दोन खेपांना तिकीट, १०० डॉलर. तिसऱ्यांदा खरंच निघालात तर तेव्हा पास. एकूण २१०. सगळं आधी माहीत असतं तर ११० लागले असते, म्हणजे दुपटीच्या आत. आणि दोनदाच गेलात तर १०० डॉलर, यापेक्षा स्वस्त काही नव्हतंच. हा नियम भाकीत मागत नाही, हीच त्याची ताकद.

व्यवहारात याहून बरी सोय असू शकते. काही पार्कांत पहिल्या दिवशीचं तिकीट त्याच दिवशी पासात बदलून मिळतं आणि भरलेली रक्कम वजा होते. असं असेल तर घरून पास काढून जायचं कारणच नाही. दिवस घालवा, कोण दमलं, कोणाला पुन्हा यायचंय ते बघा आणि बाहेर पडताना ठरवा. थांबायला काही लागत नसेल तर माहिती येईपर्यंत थांबावं. पासावर वर्ज्य तारखा आहेत का आणि आधी आरक्षण लागतं का, हेही तेव्हाच विचारून घ्या. तुमचे सुट्टीचे दिवसच वर्ज्य असतील तर बाकी गणिताला अर्थ नाही.

शिवाय सहा जणांचा 'न' एकच का धरायचा? समजा चौघं तीनदा जातील आणि आजी-आजोबा एकदाच. सगळ्यांना पास : ६६०. सगळ्यांना तिकीट : ७९०. चौघांना पास आणि दोघांना एक दिवसाचं तिकीट : ५४०. मी 'कुटुंब' हे एकक धरलं, तिथेच हा तिसरा पर्याय दिसेनासा झाला. विश्लेषणाचं एकक चुकीचं निवडलं की असंच होतं.

आणि मुळात वाचवायचं काय होतं?

आई-बाबा दहा आठवडे होते, म्हणजे दहा शनिवार. त्यातले दोन जेट लॅग आणि पाहुण्यांत गेले, एक मुलाच्या वाढदिवसात, एक पावसात. उरले सहा. त्यातले तीन पार्कात. बाबांना नायगरा बघायचा होता. त्यासाठी एक रात्र मुक्काम करावा लागला असता, म्हणजे जोडून शनिवार-रविवार हवे. ते जमलं नाही.

मी डॉलर कमीत कमी करायचं गणित केलं होतं. टंचाई शनिवारांची होती. माझ्या एक्सेलमध्ये शनिवारांचा रकानाच नव्हता, म्हणून तिसरी खेप तिथे फायदा दिसली आणि घरात तोटा. बाबा याबद्दल कधी काही बोलले नाहीत. परतल्यावर फक्त एकदा म्हणाले, "नायगरा पुढच्या वेळी." त्यांचं वय बहात्तर आहे.

म्हणून पासाचा प्रश्न या क्रमाने विचारा : आपल्याकडे मोकळे दिवस नेमके किती? त्यांतले किती या एका जागेला द्यायचे, पास नसता तरीही? हा आकडा प्रत्येक माणसाचा वेगळा काढा आणि गेल्या वर्षीच्या प्रत्यक्ष वागण्याशी ताडून बघा. मग दरांचा गुणाकार करा. एकाच सहलीत दोन-तीन दिवस सलग जाणार असाल किंवा पार्क घराजवळ असून मुलं लहान असतील, तर पास खुशाल काढा. पण तो काढल्यावर पैसे गेले असं समजा. पुढच्या प्रत्येक सकाळी प्रश्न एवढाच : आज जावंसं वाटतंय का?

तुमच्यासाठी अभ्यास

तुमच्या संशोधन आराखड्यातला असा एक आकडा शोधा ज्यावर बाकी सगळं टांगलेलं आहे : किती सॅम्पल मिळतील, मुलाखतीला किती जण होकार देतील, एक प्रकरण किती दिवसांत लिहून होईल. त्याच्यासमोर लिहा : हा आकडा कुठून आला? मोजला, कोणाच्या कामातून घेतला, की 'चारदा तरी नक्की' म्हणून धरला? तिसरं उत्तर असेल तर आधी सीनियरच्या जुन्या नोंदवह्या मागून घ्या आणि त्यांना प्रत्यक्षात किती लागले ते बघा. एक्सेल त्यानंतर उघडा.