मुक्या सोबत्याची स्मृती: घरच्या घरी, अल्प खर्चात

गेल्या आश्विन महिन्यात आमच्या घरचा मोती गेला. तेरा वर्षे तो आमच्या दारात होता. शेवटच्या रात्री पत्नीने त्याच्या कानाशी णमोकार मंत्र म्हटला. जीवंधरकुमारांनी मरणासन्न श्वानाला हाच मंत्र ऐकवल्याची कथा आपल्या घरांतून लहानपणीच कानी पडते. पहाटे मोतीने शांतपणे प्राण सोडला.

त्यानंतर मी जे केले, त्याचा पश्चात्ताप आजही आहे. नऊ वर्षांच्या नातीला दुःख नको, म्हणून तिला काही न सांगता शाळेत पाठवले. नगरपालिकेची गाडी बोलावून मोतीला स्वाधीन केले आणि अंगण धुवून घेतले. संध्याकाळी तिने विचारले, "आजोबा, मोतीला कुठे ठेवलंत?" बँकेच्या नोकरीत आयुष्यभर लोकांच्या ठेवींचा हिशेब दिला; या प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्यापाशी नव्हते. पुढचे चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

मुलाने मोबाईलवर संगमरवरी स्मृतिफलक दाखवले. किंमत काही हजारांत होती. मी पैसे द्यायला तयार झालो, पत्नीने थांबवले. म्हणाली, "पैसे देऊन सुटू नका. तिच्याजवळ बसा." त्या बसण्यातून जे सुचले, ते वाचकांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

पहिली गोष्ट पंजाच्या ठशाची. सोबती वृद्ध किंवा आजारी असेल, तर ठसा त्याच्या हयातीतच घ्यावा. गणपतीची शाडूची माती पोळीच्या कणकेसारखी मळून बोटभर जाडीची थापी करावी, पंजा हलकेच दाबून उचलावा व लगेच पुसून घ्यावा. थापी ओलसर फडक्याखाली सावलीत सावकाश वाळवावी. उन्हात ठेवल्यास तडे जातात. काही जण दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ व बेताचे पाणी घेऊन असा ठसा करतात. परंतु मीठ पावसाळी हवेतील ओल ओढून घेते, कणकेला कीड व बुरशी लागते, आणि घरातील दुसऱ्या प्राण्याने तो खारट गोळा खाल्ल्यास त्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून शाडूच बरी.

आमच्या हाती ठसा घेण्याची वेळ उरली नव्हती. दिवाळीसाठी रंगारी येणार होता. त्याच्या आदल्या दिवशी नात मागच्या दारापाशी उभी दिसली. दार उघडा म्हणून मोती तेरा वर्षे नखांनी ते खरवडत असे. ते ओरखडे रंगाखाली जाणार होते. आम्ही दोघांनी पातळ बटर पेपर दारावर चिकटवला व पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासली. एकेक ओरखडा कागदावर उमटत गेला. खालचे ओरखडे पिल्लू असतानाचे, वरचे मोठेपणीचे. त्या दिवशी ती प्रथमच माझ्याशी बोलली. तो कागद आणि धुऊन चांगला वाळवलेला गळपट्टा आता एका साध्या चौकटीत आहे.

दुसरी गोष्ट रोपाची. अंगण असल्यास बकुळ किंवा पारिजातक लावावा. सदनिकेत राहणाऱ्यांना कुंडीतला मोगराही पुरे. दहन केले असेल, तर राख चिमूटभरच मातीत मिसळावी. अधिक झाल्यास माती क्षारयुक्त होऊन मुळांना अपाय होतो. स्वतःच्या जागेत पुरणे शक्य असेल, तर खड्डा तीन-चार फूट खोल व विहीर-बोअरवेलपासून दूर असावा, आणि देह प्लास्टिकऐवजी सुती कापडात गुंडाळावा. खणताना मातीतील जिवांची विराधना होते, हे जाणून अनेक कुटुंबे नगरपालिकेच्या व्यवस्थेचा मार्ग पत्करतात. त्यात गैर काही नाही. मुलांना अंधारात ठेवणे तेवढे गैर.

तिसरी गोष्ट वहीची. आपल्या पेढ्यांवर लाल बांधणीच्या वह्या असतातच. त्यातली एक कोरी घ्यावी. घरातील प्रत्येकाने एकेका पानावर एक आठवण, तारीख ठाऊक असल्यास तारखेसह, लिहावी. लिहिलेले नाव किती टिकते, याचा दाखला कर्नाटकातील आतकूरच्या शिलालेखात आहे. दहाव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या कृष्णाच्या काळात, मणलेर नावाच्या वीराने पराक्रमाचे बक्षीस म्हणून 'काळि' नावाचा शिकारी कुत्रा मागून घेतला. रानडुकराशी झुंजताना दोन्ही प्राणी मेले. त्या श्वानाची नोंद कोरलेली शिळा आज बंगळुरूच्या संग्रहालयात आहे. हजार वर्षांनंतरही काळिचे नाव आपल्याला ठाऊक आहे.

एका ज्येष्ठ स्नेह्यांनी शंका काढली, "जीव आपल्या गतीला गेला. आता पट्टा जपणे म्हणजे मोहच नव्हे का?" शंका रास्त आहे. म्हणून आम्ही एक मर्यादा घातली. स्मृती म्हणून एक चौकट, एक कुंडी व एक वही ठेवली; उरलेली त्याची गोधडी, साखळी आणि औषधे गरजूंना दिली. मोतीचे पितळी भांडे मात्र फाटकाबाहेर ठेवले. नात त्यात रोज गाळलेले पाणी भरते. भटकी कुत्री पितात, दुपारी साळुंक्या येतात. पाणी सकाळ-संध्याकाळ बदलून भांडे घासावे लागते, नाहीतर त्यात डासांच्या अळ्या होतात आणि जीवदयेच्या जागी हिंसाच पदरी पडते.

सवयीने खर्च मांडला: वही 60, कुंडी 120, मोगऱ्याचे रोप 60, चौकट 150, कागद 10, एकूण 400 रुपये. वेळ लागला तो सुमारे एक आठवडा, आणि त्या आठवड्याचीच नातीला व मला गरज होती.

वहीच्या पहिल्या पानावर तिने लिहिले आहे, "मला मोतीला टाटा करता आला नाही." मी त्याखाली लिहिले, "चूक आजोबांची," आणि बँकेतल्यासारखी तारीख घालून सही केली. आपल्या घरी असा प्रसंग आला, तर आधी मुलांना सांगा, त्यांना शेवटचे जवळ बसू द्या. बाकीचे सारे नंतरही करता येते.