काटवलाचा ‘वांझ’ वेल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

काटवल हा काकडी-भोपळ्याच्या कुळातला, डोंगरउतारावर आपोआप उगवणारा बहुवर्षायू वेल. पश्चिम महाराष्ट्रात त्याला करटोली म्हणतात; शास्त्रीय नाव मोमोर्डिका डायोइका. बालाघाट जिल्ह्यातल्या लांजीच्या जंगलपट्ट्यात आणि शेजारच्या गोंदियात पावसाळा लागला की तो झुडपांवर, कुंपणांवर चढतो आणि त्याची कोवळी काटेरी फळे आठवडी बाजारात येतात.

या वेलाबद्दलचा सर्वांत जुना आणि सर्वांत नुकसानीचा गैरसमज म्हणजे ‘वांझ काटवल’. भरपूर फुलतो पण फळत नाही, तो वेल रोगट किंवा निरुपयोगी, म्हणून उपटून टाकायचा, असे पुन्हा पुन्हा सांगितले जाते आणि तसे केलेही जाते. प्रत्यक्षात तो वेल नर असतो. काटवलात नर आणि मादी फुले वेगवेगळ्या वेलांवर येतात. नराला फळ कधीच धरत नाही, पण त्याच्या परागाशिवाय मादीलाही धरत नाही. ‘वांझ’ वेल उपटले की शेजारचे मादी वेल फुलतात, त्यांची फुले गळतात आणि मग त्यांनाही वांझ ठरवले जाते. दोष वेलाचा नसतो, उपटणाऱ्या हाताचा असतो.

नर-मादी ओळखायला कोणतेही उपकरण लागत नाही. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली कळी असतानाच मऊ काट्यांचे इवलेसे फळ दिसते. नर फुलाखाली ते नसते; तिथे देठाच्या टोकाला कळीला वेढणारे एक लहान पान असते. पिवळी फुले संध्याकाळी उमलतात. परागीभवन करणारे कीटक कमी असतील, तर नर फूल तोडून मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवले तरी फळ धरते.

‘रानातला वेल शेतात लागत नाही’ हा दुसरा समज पहिल्यातूनच जन्मतो. बियांपासून लागवड केली, तर बी कठीण कवचामुळे उशिरा आणि कमी उगवते. उगवलेल्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात, आणि ते फूल येईपर्यंत कळत नाही. म्हणून लागवड कंदांपासून करावी: मादीच्या कंदापासून मादीच येते, नराच्या कंदापासून नर. सुमारे दोन-दोन मीटर अंतर, आठ-दहा मादी वेलांमागे एक नर, वर चढायला मांडव किंवा तार, एवढी व्यवस्था पुरते. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने ‘इंदिरा कंकोडा-1’ हा लागवडीचा वाणही दिला आहे. लांजीसारख्या धानाच्या मुलखात एक पथ्य मात्र पाळायलाच हवे: पाणी साचणाऱ्या बांधीत कंद कुजतो, म्हणून उंच धुरा किंवा निचऱ्याची जमीन निवडावी.

‘हिवाळ्यात वेल मेला’: मेला नाही; कंद जमिनीत जिवंत असतो आणि पावसाबरोबर पुन्हा फुटतो, म्हणून ती जागा नांगरू नये.

‘काटवल म्हणजे रानटी कारले’: दोघे एका वंशातले, पण जाती वेगळ्या. काटवलाची गुणसूत्रे 28, कारल्याची 22.

‘मांसाच्या पन्नासपट प्रथिने’: हा दावा मोबाइलवर फिरतच असतो, आणि साध्या गणितातच तो कोसळतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम काटवलात सुमारे 3 ग्रॅम प्रथिने असतात. मांसात साधारण 20 ग्रॅम. पन्नासपट व्हायला 100 ग्रॅम भाजीत 1000 ग्रॅम प्रथिने लागतील.

‘काटवलाने मधुमेह बरा होतो’: अर्काचे काही प्रयोग प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवर झाले आहेत, पण माणसाचा मधुमेह बरा होतो हे त्यांतून सिद्ध होत नाही. भाजी आवडीने खावी. डॉक्टरांनी दिलेले औषध तिच्या भरवशावर बंद करू नये.