प्लायवुडवरचं लेबल पाहिलंत, आता बिलही बघा! 🌳

हरित इमारतीसाठी प्लायवुड किंवा एमडीएफ घेताय? नुसत्या लेबलवर विसंबू नका.

1993 साली स्थापन झालेल्या, जबाबदारीने सांभाळलेल्या जंगलांतल्या लाकडाला प्रमाणित करणाऱ्या एफएससी या संस्थेची तीन लेबलं असतात: ‘100%’, ‘मिक्स’ आणि ‘रिसायकल्ड’.

✅ विक्रेत्याच्या बिलावर ‘एफएससी मिक्स 70%’ यासारखा स्पष्ट दावा आणि विक्रेत्याचा चेन ऑफ कस्टडी (लाकडाच्या पुरवठा साखळीच्या प्रमाणपत्राचा) क्रमांक, दोन्ही हवेत. क्रमांक एफएससीच्या वेबसाइटवर टाकला की प्रमाणपत्र चालू आहे का, ते लगेच कळतं.

♻️ पुनर्वापराचा हिशेब वेगळा. ‘लीड’ या हरित इमारतींच्या मानांकनाच्या चौथ्या आवृत्तीत लोकांनी वापरून टाकलेल्या लाकडाचं वजन पूर्ण धरतात, सॉ मिलमधून एमडीएफसाठी आलेल्या भुशाचं निम्मंच.

माल उतरतानाच कागद ताब्यात घ्या. नंतर ते मिळवताना नाकी नऊ येतात!